गादी सरकत नाही, दादा

(पत्र थोडं छोटं करून दिलं आहे.)

"डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ४४. तालुक्याच्या गावात पिठाची गिरणी आहे, वडिलांपासूनची. साडेतीन आठवड्यांपूर्वी सकाळी सहाला गिरणी उघडली, गव्हाचं पोतं ओढायला वाकलो आणि कमरेत कट्‌कन झालं. दोन दिवसांनी डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकायला लागला. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे, मुंग्या येतात. शिंक आली की पायात वीज जाते. एमआरआय काढला. त्यात लिहिलंय, 'एल-फोर एल-फाइव्ह डिफ्यूज बल्ज, एल-फाइव्ह एस-वन डाव्या बाजूला प्रोट्रूजन, डिस्क डेसिकेशन.' दाखवलं तिथे दोन मिनिटांत सांगितलं, गादी सरकलीय, वाकायचं नाही, झोपून राहा. तेव्हापासून जमिनीवर सतरंजी टाकून पडून आहे. शेजारच्या गावात एक जण मणका बसवून देतो म्हणतात. मेहुणे म्हणतात ऑपरेशन करून टाका, नाहीतर पाय जाईल. आई म्हणते मणक्याचं ऑपरेशन केलेला माणूस पुन्हा उठत नाही. गिरणी सध्या बायको आणि सतरा वर्षांचा मुलगा चालवतात. मला एवढंच सांगा, ही गादी म्हणजे नक्की काय असतं? ती सरकली म्हणजे गेली कुठे? आणि उद्या मुलाचीही जाईल का?"

दादा, नमस्कार.

तुमचे शेवटचे तीन प्रश्न मी दोनदा वाचले. कंबर धरून येणारी माणसं विचारतात गोळी कुठली घेऊ, किती दिवसांत उठेन. गादी म्हणजे काय आणि ती गेली कुठे, हे विचारणारा क्वचित भेटतो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी समजावून सांगितलं असतं, तर तुम्ही साडेतीन आठवडे सतरंजीवर पडून राहिला नसता असं मला वाटतं.

पण उत्तराआधी एक काम करा. पुढचं वाचायच्या आधी आठवून बघा. लघवी अडते आहे का, किंवा कळत नकळत होते आहे का? शौचावरचा ताबा सुटला आहे का? सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागाला बधिरपणा आला आहे का? दोन्ही पायांतली ताकद जाते आहे का, किंवा पाऊल लोंबायला लागलं आहे का? यातल्या एकाही प्रश्नाला 'हो' असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आजच्या आज, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात जा. तिथे तासांचा हिशेब असतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी निवांतपणे पुढे लिहिते आहे. दुसरं, रोज संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, असं काही असेल तर तेही सांगायला हवं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे, आणि त्याची वाट पूर्ण वेगळी.

आता गादी.

हा शब्दच मला खटकतो. गादी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती खाटेवर अंथरलेली, कुशीवर वळलं की कडेला घसरणारी. मग 'सरकली' हा शब्द आपोआप येतो, आणि सरकलेली वस्तू कुणीतरी ढकलून जागेवर बसवेल ही आशाही आपोआप येते. शिकत असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर मी पहिल्यांदा कमरेचे दोन मणके हातांनी वेगळे करायला गेले. हलले, वाकले, पण सुटले नाहीत. शेवटी सुरीने एकेक थर कापत आत जावं लागलं. मणक्यांच्या मध्ये कुणी काही ठेवलेलं नसतं. ज्याला गादी म्हणतात ती खरं तर एक चकती, आणि ती वरच्या आणि खालच्या हाडात रुजलेली असते, तंतू थेट हाडात घुसलेले असतात. प्रयोगशाळेत मणक्यांवर सरळ दाब वाढवत नेला तर बहुतेक वेळा आधी हाडाचा पृष्ठभाग खचतो, चकती नंतर. इतकी ती घट्ट.

अशा २३ चकत्या आपल्या पाठीत आहेत. कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यामध्ये चकती नाही, पहिल्या-दुसऱ्याच्या मध्येही नाही. मान होकारार्थी हलते ती पहिल्या सांध्यात, नकारार्थी वळते ती मुख्यतः दुसऱ्यात, आणि या दोन्ही कामांना गादी लागत नाही. तिथून खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापर्यंत प्रत्येक जोडीत एक. मानेत पातळ, कमरेत सगळ्यांत जाड. तुमची जी दुखते आहे ती साधारण एक सेंटिमीटर उंच आणि चार सेंटिमीटर रुंद असेल. सगळ्या चकत्या एकावर एक ठेवल्या तर कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा भरतो.

तुम्ही बाज पाहिली असेल, सुंभाने विणलेली. एक पदर तिरका या अंगाने, दुसरा तिरका त्या अंगाने. चकतीची बाहेरची भिंत तशीच असते. पंधरा ते पंचवीस पापुद्रे, कांद्यासारखे एकात एक, आणि प्रत्येक पापुद्र्यातले धागे शेजारच्या पापुद्र्याच्या उलट्या दिशेने तिरके. म्हणून तुम्ही डावीकडे वळलात तर निम्मे धागे ताणले जातात, उजवीकडे वळलात तर उरलेले निम्मे. वाकणं, वळणं, कलणं, सगळ्याला ही वीण पुरते. हे धागे कोलॅजेनचे, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा ज्याच्या बनतात त्याच जातीचे.

भिंतीच्या आत गाभा. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की भोवती जेलीचं कवच फुगतं ना, गाभ्याचा स्वभाव त्या जेलीसारखा. त्यात ॲग्रेकन नावाचा एक मोठा रेणू असतो, त्यावर ऋण विद्युतभार गच्च भरलेला असतो, आणि तो पाणी ओढून धरतो. जन्मतः गाभ्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते ७० टक्क्यांच्या आसपास येतं. ही जेली सतत फुगू पाहते, भिंत तिला फुगू देत नाही, आणि या ओढाताणीत जो ताठपणा तयार होतो त्यावर तुमचं धड उभं असतं. टायर आणि आतली हवा, तसंच. हवा एकटी वजन पेलत नाही, रबर एकटं पेलत नाही. वर-खाली कूर्चेचं एकेक पातळ झाकण असतं, जेमतेम एक मिलिमीटरचं. त्या झाकणाचं महत्त्व पुढे सांगते.

टायर म्हटलंच आहे तर आकडे टायरच्या भाषेतच सांगते. गाडीच्या चाकात आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका निरोगी ४५ वर्षांच्या माणसाच्या चकतीत, चौथ्या-पाचव्या कमरेच्या मणक्यांच्या मध्ये, दाब मोजणारं बारीक उपकरण बसवलं आणि दिवसभराच्या हालचालींत दाब किती होतो ते टिपलं. आडवं पडल्यावर साधारण १५ पौंड. उभं राहिल्यावर ७० च्या वर. ताठ बसल्यावर त्याहून थोडा कमीच. वीस किलो वजन गुडघे वाकवून उचललं तेव्हा २४५ च्या आसपास, गुडघे सरळ ठेवून पाठीतून वाकून उचललं तेव्हा ३३० च्या पुढे. आणि तेच वीस किलो उभ्याने अंगाशी धरलं तर १६०, छातीपासून हातभर लांब धरलं तर २६०. एकाच माणसाचे आकडे आहेत, तुमचे थोडे वेगळे असतील. पण शेवटची जोडी तुम्ही लक्षात ठेवावी. वजन तेच, माणूस तोच, फक्त डबा अंगापासून किती लांब एवढाच फरक.

या मोजमापात आणखी एक गोष्ट दिसली. झोपेत दाब हळूहळू वाढत जातो, रात्रभरात दुपटीहून जास्त. कारण आडवं पडल्यावर वजन उतरतं आणि जेली पाणी ओढून घेते. सकाळी चकती टम्म असते. दिवसभर उभं राहून, बसून ते पाणी पुन्हा पिळून निघतं, म्हणून संध्याकाळी आपण सगळेच सकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर बुटके असतो. घरी दाराच्या चौकटीवर खूण करून बघा, मुलाला मजा वाटेल. उतरणाऱ्या उंचीतला निम्म्याहून जास्त भाग उठल्यानंतरच्या पहिल्या तासात उतरतो. म्हणजे पहाटेची चकती ताणलेल्या ढोलासारखी असते, आणि वाकलं की मागच्या भिंतीवर ताण दिवसाच्या मानाने कितीतरी जास्त पडतो. तुमचं पोतं सकाळी सहाला ओढलं गेलं, हे मला योगायोग वाटत नाही.

आता ते झाकण. चकतीच्या आत रक्त पोचत नाही. लहानपणी थोड्या रक्तवाहिन्या असतात, त्या वाढत्या वयात मागे हटतात. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तपुरवठा नसलेला एवढा मोठा दुसरा अवयव नाही. मग तिला अन्न कसं मिळतं? वर-खालच्या हाडातल्या रक्तातून, त्या मिलिमीटरभर झाकणातून झिरपत. दाब पडला की पाणी बाहेर जातं, दाब उतरला की आत येतं. गाभ्यातल्या मोजक्या पेशी या झिरपण्यावर जगतात. म्हणूनच ती आयुष्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातच झिजायला लागते. आणि म्हणूनच, दादा, मला तुमच्या सतरंजीची काळजी वाटते. दाब पडणं आणि उतरणं, ही चकतीची रोजची गरज आहे. सलग पडून राहिल्यावर ती तुटते, आणि वर पाठीचे स्नायूही ओसरतात.

माझ्या आईला ऐंशीच्या दशकात असंच झालं होतं. तेव्हा तीन महिने लाकडी फळीवर झोपवायची पद्धत होती. ती उठली तेव्हा पायाचं दुखणं गेलं होतं, पण स्वयंपाकघरापर्यंत चालायला भिंत धरावी लागायची, आणि खाली वाकायची भीती तिच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. त्या काळी सगळे तेच सांगत. आज आपल्याला जास्त माहीत आहे, म्हणून मी हे इतक्या कळकळीने लिहिते.

तर तुमची गादी गेली कुठे? कुठेच नाही. ती जागेवर आहे. पाचवा कमरेचा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड यांच्या मधल्या चकतीच्या मागच्या भिंतीत, डाव्या अंगाला, विणीचे काही पदर उसवले आणि आतला गाभा तिथे पुढे आला. मागच्याच कोपऱ्यात का? चकतीच्या पाठीमागून एक उभा पट्टा जातो, मधोमध आधार देणारा. कमरेत तो अरुंद होतो, दोन्ही कोपरे उघडे पडतात, आणि नेमक्या त्या कोपऱ्यांमागून पायाकडे जाणाऱ्या नसा उतरतात. कमरेतल्या अशा दहापैकी नऊहून जास्त घटना शेवटच्या दोन चकत्यांतच होतात, कारण भार आणि वाक दोन्ही तिथेच जास्त. तुमची पोटरी आणि करंगळीची कड ही एस-वन नावाच्या नसेची हद्द, आणि रिपोर्टमधला डावा प्रोट्रूजन, म्हणजे हाच पुढे आलेला भाग, त्याच नसेपाशी आहे. पत्र आणि रिपोर्ट जुळतात. हे जुळणं फार महत्त्वाचं असतं.

कारण रिपोर्टमधले बाकीचे शब्द मी तुमच्या जागी असते तर मनावर घेतले नसते. डेसिकेशन म्हणजे पाणी कमी झालं, दुसरं काही नाही. बल्ज म्हणजे चकतीची कड सगळीकडून थोडी फुगली. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली आकडे मांडले गेले. चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांत ६८ टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ५० टक्क्यांना बल्ज होता, ३३ टक्क्यांना प्रोट्रूजनसुद्धा. केस पांढरे होतात तसं ते. तुमच्या गिरणीसमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या चाळिशीच्या माणसांचा एमआरआय काढला तर निम्म्यांच्या हातात तुमच्यासारखाच बल्जचा कागद येईल आणि ते उगाच घाबरतील.

'मणक्यात गॅप आलाय' हेही तुम्ही ऐकाल. लोकांना वाटतं हाडं एकमेकांपासून दूर गेली. एक्स-रेमध्ये चकती दिसत नाही, फक्त दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते, आणि ती जागाच चकती असते. चकतीतलं पाणी कमी झालं की ती जागा अरुंद होते. म्हणजे ज्याला गॅप आला म्हणतात त्याचा गॅप खरं तर कमी झालेला असतो!

पाय जाईल का, हा मेहुण्यांचा प्रश्न. मणक्यातून जाणारी मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. त्याखाली असतो नसांचा सैल जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा, पाण्यात तरंगणारा. तुमची चकती त्याच्याही तळाशी आहे. तिथे एखादी नस एका बाजूला चिडते. क्वचित फार मोठा तुकडा सगळी शेपटीच दाबतो, आणि तेव्हा दिसतात ती लक्षणं मी सुरुवातीला विचारली. एका नसेचं दुखणं कितीही भयंकर असलं तरी तो अर्धांगवायू नव्हे.

आणि नस नुसती 'दबलेली' नसते. चकतीचा गाभा आयुष्यभर रक्तापासून लपलेला असतो. तो भिंतीबाहेर डोकावला की शरीर त्याला परका समजतं, तिथे दाह पेटतो, रसायनं सुटतात आणि नस सुजते. पहिल्या काही आठवड्यांतली आग बरीचशी या दाहाची असते. गंमत अशी की हाच दाह पुढे उपयोगी पडतो. बाहेर आलेल्या गाभ्यावर पांढऱ्या पेशी चाल करून जातात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एमआरआय काढला तर कित्येकांचा मोठा तुकडा नाहीसा झालेला दिसतो. जितका मोठा तुकडा तुटून बाहेर, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त. नुसता बल्ज तसाच राहतो, पण सूज उतरली की त्याचा त्रासही राहत नाही. बहुतेकांचं पायाचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं. तुम्ही चौथ्या आठवड्यात आहात.

यावरून मणका बसवणाऱ्याचं उत्तर तुम्हीच देऊ शकाल. जे निसटलंच नाही ते बसवणार काय? उसवलेल्या विणीला झटका दिला तर आणखी दोन पदर जातील, एवढंच. कृपा करून तिकडे जाऊ नका.

ऑपरेशनबद्दल मेहुणेही टोकाला आहेत आणि आईही. चकतीचा फुगवटा नसेवर येऊन पाय दुखतो हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडलं, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया होते आहे. आता ती छोट्या छेदातून, दुर्बिणीखाली होते, बाहेर आलेला तेवढाच भाग काढतात, आणि माणूस दुसऱ्या दिवशी चालतो. आईंना हे जरूर सांगा. पण मेहुण्यांना हेही सांगा की २००७ साली नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे पाय दुखत असलेल्या २८३ रुग्णांत दोन वाटा तपासून पाहिल्या. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने थांबायचं आणि गरज पडली तरच करायचं. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर थांबलं. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखे, ९५ टक्के बरे. थांबणाऱ्यांतल्या ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, हेही खरं. मी तुमच्या जागी असते तर अजून सहा-आठ आठवडे दिले असते. पायातली ताकद कमी व्हायला लागली, किंवा तेवढ्या मुदतीनंतरही झोप येऊ देणार नाही इतकं दुखत राहिलं, तर शल्यविशारदाकडे आनंदाने जा, त्यात हार नाही.

ताकद कशी बघायची? भिंतीला हात टेकवून फक्त डाव्या पायाच्या चवड्यावर उभे राहा, टाच वर-खाली करा. उजव्या पायाने जितक्या वेळा जमतं तितक्या वेळा डाव्याने जमतं का मोजा. मग टाचांवर चार पावलं चाला. दर दोन दिवसांनी हे बघायचं आणि वहिनींना लिहून ठेवायला सांगायचं. आकडा घसरत चालला तर वाट न बघता तपासायला जा.

आता उठायचं. आजपासून. पहिल्या दिवशी पाच मिनिटं घरातल्या घरात चाला, दिवसातून सहा वेळा. दुखेल, पण दुखणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच नियम पाळा : दुखणं पायात खाली खाली उतरत गेलं तर ती हालचाल थांबवा, पायातून वर सरकत कमरेत गोळा झालं तर ती चांगली खूण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. पालथं झोपून दोन मिनिटं बघा. बरं वाटलं तर कोपरांवर छाती उचला, अर्ध्या भुजंगासनासारखी. पोटरीतली कळ वर येते आहे असं वाटलं तर दिवसातून चार-पाच वेळा करा, उलट झालं तर सोडून द्या. विश्रांतीला पाठीवर झोपून गुडघ्यांखाली दोन उशा. एखादा फिजिओथेरपिस्ट तालुक्याला असेल तर आठवड्यातून एकदा दाखवा. बघणारा डोळा जवळ असलेला बरा.

सतरंजीही गुंडाळून ठेवा. कडक जमिनीचा आग्रह आपल्याकडे फार आहे. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांना कडक आणि मध्यम अशा दोन प्रकारच्या गाद्या देऊन पाहिल्या, त्यात मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला. तुमची कापसाची गादी घरात असेल, ती काढा. कंबरपट्टा हवा तर गिरणीत उभं राहायच्या तासापुरता, दोन-तीन आठवडे. विडी-सिगारेट असेल, पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, तर ती मात्र सोडा. धुराने त्या झाकणापर्यंत येणारं रक्तच कमी होतं. दुखण्याच्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, पित्ताचा, रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा.

गिरणी. तुम्ही तिच्याशिवाय राहणार नाही हे मला पत्रावरूनच कळलं, आणि राहूही नये. पुढच्या आठवड्यात तासभर जाऊन बसा, पीठ कसं पडतंय ते बघा, हिशेब करा. वजन मात्र अजून सहा आठवडे नाही. त्या सहा आठवड्यांत गिरणी बदलून घ्या. गिऱ्हाइकाचे डबे जमिनीवर ठेवायची पद्धत बंद करा. दारापाशी कमरेइतक्या उंचीचा लाकडी कट्टा करा, ज्याने डबा आणला त्यानेच तो कट्ट्यावर ठेवायचा. तिथून तो उचलताना पाठ वाकत नाही आणि डबा आपोआप पोटाशी येतो. धान्य ओततात त्या हॉपरच्या तोंडाशी दोन पायऱ्यांचं भक्कम स्टूल, म्हणजे डोक्यावरून ओतायला नको. पन्नास किलोचं पोतं एकट्याने ओढायचं नाही, चाकांची ट्रॉली घ्या. आणि सकाळी उठल्यावर पहिला तास वजनाला हात लावायचा नाही. चहा घ्या, गावातून चक्कर मारून या, टम्म फुगलेली चकती थोडी पिळू द्या, मग गिरणीचा पट्टा चढवा. गिरणी सातला उघडली तर गाव उपाशी राहणार नाही.

राहिला मुलगा. फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या पाठी तपासल्या आहेत. एकाने जन्मभर जड कामं केली, दुसऱ्याने टेबलावर बसून, तरी दोघांच्या चकत्यांची झीज आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघाली. कामाचा वाटा होता, पण लहान. जास्त वाटा रक्तातून आलेला. म्हणजे वडिलांची पाठ दुखायची का, हे आठवा, आणि मुलाला पोत्याची भीती घालू नका. सतरा वर्षांच्या मुलाची चकती अजून पाण्याने भरलेली आहे, रोजच्या कामाने तिला अन्नच मिळतं. त्याला फक्त एवढं दाखवा की डबा पोटाशी कसा धरायचा, आणि तो कट्टा त्याच्या उंचीचाही करून घ्या. या वयात मुलं अजून थोडी वाढतात, तेव्हा कट्ट्याच्या पायांखाली विटा लावता येतील असा करा.

दोन आठवड्यांनी चवड्यावरचे आकडे मला कळवा.

तुमची,
डॉक्टरताई